ज्योत्स्नाच्या नावाचं कपाट

प्रतीक्षानं कॉलेज सोडल्याचं भागुजी रणपिसेला कॉलेजच्या खिडकीपाशीच कळलं. तो तिच्याबद्दल विचारायला गेलाच नव्हता. पैसे मागायला गेला होता.

नारायणगावच्या पुढं जुन्नरच्या रस्त्याला हे औषधशास्त्राचं कॉलेज. वर्षापूर्वी मुलीचं नाव तिथं घातलं, पण भागुजीनं त्याचं फाटक त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. प्रवेश, फी, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं त्याच्या बायकोनं केलं होतं. ज्योत्स्ना फेब्रुवारीत वारली. तेव्हापासून जी कामं ती करायची ती एकेक करून भागुजीच्या अंगावर येत होती, आणि हे त्यातलं शेवटचं होतं.

खिडकीत गोकुळ नावाचा क्लार्क होता. तळेघरकडचा, तिकडच्या लोकांसारखं सावकाश बोलणारा.

"काय काम होतं, भाऊ?"

"शिष्यवृत्तीचं पैसं माघारी मिळणार व्हतं. पोरीच्या फीचं. आमी आधी भरल्यालं."

"मुलीचं नाव?"

"प्रतीक्षा भागुजी रणपिसे. कळंबची."

गोकुळनं कॉम्प्युटरात पाहिलं, मग भागुजीकडं पाहिलं, आणि म्हणाला, "आत या. बसा."

भागुजीला खुर्चीची भीती बसली होती. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर सगळ्यांशी उभ्याउभ्याच बोलायचे. एके दिवशी त्यांनी त्याला खुर्ची दिली, आणि त्यानंतर ज्योत्स्ना फार काळ राहिली नाही. तो आत गेला, पण बसला नाही.

"तुमची मुलगी जूनमध्येच कॉलेज सोडून गेली. दाखला काढून नेलाय तिनं."

"न्हाई वं. ती रोज येती की. आज सकाळी म्याच तिला एसटीत बसवली."

"इथं येत नाही, भाऊ."

"दुसरी कुणी प्रतीक्षा आसंल."

गोकुळनं स्क्रीन त्याच्याकडं फिरवली. त्यावर प्रतीक्षाचा फोटो होता. अंगात ज्योत्स्नानं नाव घालायच्या वेळी घेतलेला निळा ड्रेस.

मग गोकुळनं पैशांचं सांगितलं. शिष्यवृत्तीतल्या मुलांची फी कॉलेज आधी भरून घेतं आणि शासनाकडून रक्कम आली की पालकांना परत करतं. प्रतीक्षा जानेवारीतल्या सहामाही परीक्षेला बसली नाही. हजेरीही कमी पडली. म्हणून तिचा अर्ज त्रुटी काढून परत आला. मुदतीत तो दुरुस्त करून पाठवायला हवा होता, तो कुणी पाठवला नाही. तेव्हा तिच्या नावावर काहीच आलं नाही.

"जे आलंच नाही ते परत कुठून देणार?"

"कवा माघारी आला अर्ज?"

"जानेवारी संपता संपता. मुलीच्या मोबाईलवर मेसेज गेलेला असणार."

जानेवारी संपता संपता ज्योत्स्ना पुण्याला दवाखान्यात होती आणि प्रतीक्षा तिच्या खाटेखाली चटईवर झोपत होती. भागुजी रविवारी डबा घेऊन जायचा. मेसेजबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. त्यानं विचारलंही नव्हतं.

"आता काय व्हईल का?"

"पुन्हा पहिल्या वर्षाला बसवता येईल. जागा आहे. पण महिनाअखेरपर्यंत यायला पाहिजे आणि फी आधी भरायला पाहिजे. मग नवा अर्ज. मग शिष्यवृत्ती मंजूर झाली, तर ही फी परत."

"म्हंजे पयल्यापासनं."

"पहिल्यापासनं. मागची फी मात्र गेली म्हणून समजा."

भागुजी दारापर्यंत गेला आणि वळला. "ती रोज सकाळी निघती. मग जाती कुठं?"

गोकुळ थोडा घुटमळला. "नारायणगावला टोमॅटोच्या बाजारात असते. माझा मेव्हणा माल घेऊन येतो तिथं. त्याच्या आडत्याकडं पावत्या लिहिते. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

फेब्रुवारीत ज्योत्स्नाच्या मागचा विधी, पुण्यानुमोदन, गावातल्या बुद्धविहारासमोरच्या मांडवात झाला होता. वंदना झाली, लोक एकेक करून बोलले. त्यांच्यात चाल अशी, की गेलेल्या माणसाच्या नावानं घरचे काहीतरी दान जाहीर करतात. कुणी विहाराला पंखा देतं, कुणी शाळेला वह्या. आधी घरात बसून ठरवायचं, मग माईकवर सांगायचं. भागुजीच्या घरात ठरवायला तेव्हा कुणाचं डोकं ठिकाणावर नव्हतं. विहार कमिटीचे अध्यक्ष गेणभाऊ यांनी त्याच्या हातात माईक दिला आणि हळूच म्हणाले, "दोन शब्द बोल, भागुजी. आन् काय द्यायचं आसंल त्ये सांग."

भागुजी कांदाचाळी, म्हणजे कांदा साठवायच्या बराकी, बांधणारा माणूस. माणसांपुढं बोलायची त्याला सवय नाही. माईक हातात आल्यावर त्याला ज्योत्स्नाचं एक वाक्य आठवलं. फीसाठी तिनं केशरबाईच्या बचत गटातून उचल घेतली होती, आणि आजारी पडेपर्यंत रोज मंचरला बराकीवर कांदा निवडून ती फेडली होती. तेव्हापासून कुणी पैशांचं विचारलं की म्हणायची, "माझं पैसं कॉलेजात शिकायला गेल्यात. शिकून झालं की येतील घरी." घरात तेवढेच पैसे असे होते जे निव्वळ तिचे होते. म्हणून तो माईकवर म्हणाला, "तिचं पैसं कॉलेजाकडनं यायचेत. ते सगळं विहारातल्या अभ्यासिकेच्या पुस्तकांना."

एवढंच बोलला. लोकांनी साधुकार दिला. ज्योत्स्नाचा धाकटा भाऊ समाधान तिथल्या तिथं उठला. "दाजी जेवढं देतील तेवढंच माझ्याकडनं," म्हणाला, आणि तो ड्रायव्हरकी करणारा, रोख कमावणारा, त्यानं आपला वाटा त्या आठवड्यातच कमिटीकडं दिलाही. त्यातून अभ्यासिकेला टेबल-खुर्च्या आल्या.

पुस्तकं ठेवायला कपाट भागुजीनं स्वतः केलं. चाळींच्या कामातलं उरलेलं लाकूड होतं. आषाढ पौर्णिमेला पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला, त्या दिवशी त्यानं ते विहारात नेऊन ठेवलं. पेंटरनं वरच्या पट्टीवर लिहिलं: कालकथित ज्योत्स्ना भागुजी रणपिसे यांच्या स्मरणार्थ. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपेल, तोवर पुस्तकं भरायची असं ठरलं.

कपाटाला लोक पोट धरून हसले. वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यानं फळ्यांच्या मध्ये आणि पाठीला बोटबोट फटी सोडल्या होत्या, वारा खेळायला.

"भागुजी, पुस्तकं काय कांदं हायेत व्हय?" गेणभाऊ म्हणाले. "कोंब फुटतील म्हनून भ्यालास?"

"न्हाई, सडायची न्हाईत," भागुजी म्हणाला. त्यावर लोक आणखी हसले. तोही हसला होता. ज्योत्स्ना गेल्यानंतरचं त्याचं ते पहिलंच हसणं असावं.

पौर्णिमा जवळ आली तरी पैसे आले नव्हते. प्रतीक्षाला विचारलं की ती म्हणायची, "दिवाळीपर्यंत येतील, पप्पा." मधूनमधून गेणभाऊ विचारायचे. समाधान विचारायचा नाही, पण आला की रिकाम्या कपाटाकडं बघायचा. शेवटी त्या दिवशी एका चाळीचं काम अर्धं टाकून भागुजी कॉलेजात गेला होता.

कॉलेजातून तो टोमॅटोच्या बाजारात आला. दुपार कलली होती, माल उतरत होता. पिकअप एकीला एक लागून उभ्या, माणसं क्रेटवर क्रेट चढवत होती, तांबडा रस पायाखाली. भागुजी तीन-चार गाळे फिरला. पाचव्या गाळ्यावर प्रतीक्षा प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. मांडीवर पावतीपुस्तक, कानाला पेन. एक शेतकरी तिच्याशी हुज्जत घालत होता.

"ताई, ह्यो माल दोन लंबरचा कसा लिवला? डोळं हायेत का न्हाईत?"

"डोळे आहेत म्हणून तर दोन नंबर लिहिलाय, काका. आणखी नीट बघू का? तीन होईल."

बाजूचे हमाल हसले. तो शेतकरीही हसला आणि पावती घेऊन गेला. ही अशी बोलायची पद्धत ज्योत्स्नाची. भागुजी क्रेटच्या थप्पीमागं उभा राहिला. मग प्रतीक्षाचं लक्ष गेलं. तिनं पेन कानावरून काढलं, शेजारच्या माणसाच्या हातात पावतीपुस्तक दिलं आणि सरळ चालत आली.

"कॉलेजात गेला होतात?"

"व्हय."

"जेवलात का?"

"न्हाई."

बाजाराबाहेर वडापावची गाडी होती. दोघं तिथल्या बाकावर बसले. तिनं दोन वडापाव घेतले आणि पैसे स्वतः दिले. भागुजीनं ते पाहिलं.

"मला सांगायचं व्हतं," तो म्हणाला.

"कधी सांगणार? तुम्ही माईकवर बोललात तेव्हा मला माहीत होतं. अर्ज परत आलाय, पैसे येणार नाहीत. मी बायकांमध्ये बसले होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंत पण."

"बघितलं. तू रडत व्हतीस. मान हालवत व्हतीस."

"रडत नव्हते, पप्पा. नको, नको म्हणत होते."

भागुजीनं वडापाव कागदावर ठेवला. तो तिचा चेहरा आठवायचा प्रयत्न करत होता. मांडवात सगळ्याच बायका रडत होत्या आणि मान हलवत होत्या.

"तुम्ही बोलून गेलात," प्रतीक्षा म्हणाली. "मग मामा उठला. सगळ्या लोकांनी साधू साधू केलं. मी काय उठून सांगू, की माझ्या आईचे पैसे माझ्यामुळं बुडाले? मेसेज मी वाचला होता. मला वाटलं, आईला घरी नेलं की जाऊन येईन कॉलेजात."

"तुझ्यामुळं कसं?"

तिनं वडापावचा कागद दुमडला. मग म्हणाली, "दिवाळीपर्यंत इथला हंगाम आहे. तेवढे होतात. जवळजवळ झालेतच. मग तुम्हाला देणार होते, कॉलेजनं दिले म्हणून. पुस्तकं आली असती. कुणाला काही कळलं नसतं."

"आन् कॉलेज?"

"पुढच्या वर्षी बघू."

"क्लार्क म्हनला, महिनाअखेरपतूर जागा हाय."

"मला माहितीय. पण फी आधी भरायची आहे. तेवढेच पैसे आहेत, पप्पा. एक तर कपाट नाही तर मी."

ती हे रागानं बोलली नाही. दोन नंबरचा माल सांगावा तसं बोलली. भागुजीनं वडापाव संपवला, कारण तो तिनं घेतला होता. मग दोघं एसटीची वाट बघत उभे राहिले. एसटीत त्यांना जागा वेगवेगळ्या मिळाल्या. कळंब येईपर्यंत त्याला मागून तिच्या डोक्यावरची ओढणी दिसत होती. टोमॅटोचा वास सगळ्या गाडीला होता की तिच्याच कपड्यांना, ते त्याला कळेना. हा वास रोज घरी येत असणार. त्याच्या ध्यानात कधी आला नव्हता.

दुसऱ्या कुठून पैसे काढावेत, याचाही त्यानं विचार केला. बचत गटाची उचल दवाखान्यासाठी आधीच घेतलेली होती. चाळीचं काम झालं तर गिऱ्हाईक पैसे कांदा विकल्यावर देणार. समाधानकडं मागता येत नव्हतं. ज्याच्यापुढं दान बोललं त्याच्याकडूनच ते फेडायला उसने कसे घेणार?

वर्षावासात रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असे. पुढच्या रविवारी वाचनाला गर्दी होती. समाधानही आला होता. वाचन संपलं, शेवटचं शरणत्तय म्हणून झालं, आणि लोक उठायच्या आत भागुजी पुढं गेला. त्यानं स्वतःच्या हातानं कपाट उघडलं. रिकामं होतं म्हणून कमिटी त्यात माईक आणि सतरंज्या ठेवायला लागली होती. वाचनाचा माईक गेणभाऊंनी नुकताच आत ठेवला होता, तो त्यानं परत बाहेर काढला.

"आता काय?" गेणभाऊ म्हणाले.

"फेब्रुवारीत म्या ह्याच्यावरच बोललो व्हतो," भागुजी म्हणाला. माईक चालू नव्हता, ते त्याच्या लक्षात आलं नाही. विहार लहान होतं, सगळ्यांना ऐकू गेलं. "त्ये पैसं येनार न्हाईत. कॉलेजाला आल्यालंच न्हाईत. पोरीनं काम करून तेवढं साठवल्यात. पन त्ये आता तिच्या फीला लागतील. तवा म्या जे जाहीर केलं व्हतं, त्ये देत न्हाई."

प्रतीक्षा दाराशी बसली होती. तिला त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं.

"दान माघारी घेत्यात व्हय?" मागून कुणीतरी म्हणालं.

"असं कधी झालं न्हाई," गेणभाऊ म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, अडचण होती. "नोंद झाल्या कमिटीत. लोकांना काय सांगायचं?"

समाधान उभा राहिला. "दाजी, वरती माझ्या ताईचं नाव लिवलंय. ते पुसनार का?"

"न्हाई."

"मग? रिकाम्या कपाटावर ठेवनार? येनारा-जानारा वाचनार, कालकथित ज्योत्स्ना, आन् आत बघनार तर सतरंज्या?"

"व्हय."

"माझं मी दिलं. त्याच आठवड्यात दिलं."

"तुझं तू दिलंस. म्या नसल्यालं बोललो. त्यात तिची काय चूक न्हाई, आन् ह्या पोरीचीबी न्हाई."

"पोरगी कमावती तर द्या की आईच्या नावानं! कॉलेज पुढल्या वर्षीबी आसतंय."

तेव्हा केशरबाई बोलली. बचत गटाची ती प्रमुख, सत्तरीची बाई. भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती, ते तिनं आखडलेही नाहीत.

"समाधान, बस खाली. माघारी कुठं घेतोय तो? अजून दिलंय कुठं त्यानं, माघारी घ्यायला? आन् गेणभाऊ, तुमी नोंदीचं नका सांगू. तुमच्या म्हातारीच्या नावानं फरशी जाहीर केल्याली. आमी किती वर्सं शेणावर बसलो इथं?"

लोक हसले. गेणभाऊही ओशाळून हसले. "बसवली की पन."

"बसवली. म्हनून तर म्हंते. तवर कुनी तुमच्या म्हातारीचं नाव पुसलं न्हाई." मग ती भागुजीकडं वळली. "ज्योत्स्नानं माझ्याकडनं उचल घेतली ती पोरीला शिकवायला. कपाटाला न्हाई. एवढं मला ठावं हाय. ठेव तो माईक."

समाधान बसला नाही. चपला घालून निघून गेला. त्याच्या मोटारसायकलचा आवाज हायवेपर्यंत ऐकू आला.

भागुजीनं माईक कपाटात ठेवला आणि दार लावलं. घरी जाताना प्रतीक्षा त्याच्या मागं चार पावलं चालत होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "माईक बंद होता, पप्पा."

"आसूं दे. मागच्या टायमाला चालू व्हता."

महिना संपायच्या आत दोघं कॉलेजात गेले. फी भरली. दाखला परत जमा केला. गोकुळनं दिलेली पावती भागुजीनं स्वतः घेतली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातली. नव्या अर्जासाठी दोघं मंचरला ऑनलाइन सेंटरवर गेले. सेंटरवाल्या मुलानं विचारलं, आईचं नाव? प्रतीक्षानं सांगितलं. हयात की मयत? तेही तिनंच सांगितलं. भागुजी शेजारी उभा होता. अर्ज परत आला तर मेसेज यावा म्हणून त्यानं आपलाही मोबाईल नंबर द्यायला लावला. सेंटरवाला म्हणाला, तसं होत नाही, नंबर एकच लागतो. मग भागुजीनं रोज संध्याकाळी तिचा मोबाईल मागून घ्यायचं ठरवलं. इंग्रजीतले मेसेज त्याला वाचता येत नाहीत. तो ते तिच्याकडूनच वाचून घेतो.

ज्योत्स्नाचे पैसे तेव्हाच बुडाले. आता कॉलेजात आहेत ते प्रतीक्षाचे. अर्ज मंजूर झाला आणि शिष्यवृत्ती आली, तर ते परत मिळतील. मिळाले तर त्यांचं काय करायचं, हे भागुजीनं कुठं बोलून दाखवलेलं नाही.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. खीर झाली. समाधान आला नाही. दिवाळीलाही तो भाचीला न्यायला आला नाही. फोन केला तर उचलतो, कामावर आहे म्हणतो.

अर्ज अजून तपासणीत आहे. कपाट विहारात डाव्या भिंतीला आहे, त्यावर नाव आहे, आणि आत माईक आणि सतरंज्या आहेत. पुस्तकं आणायची राहिली आहेत.